महाग पेट्रोल आपल्या गाडीला कळते का?

प्रश्न : माझ्याकडे 2017 सालची, 1200 सीसीची पेट्रोल हॅचबॅक आहे. मुलुंडहून लोअर परळला कामावर जाण्या-येण्यात आणि रविवारच्या थोड्याफार फिरण्यात महिन्याला सुमारे एक हजार किलोमीटर होतात. अ‍ॅव्हरेज लीटरला पंधराच्या आसपास मिळते. मी ज्या पंपावर जातो तेथे साधे पेट्रोल 104 रुपयांच्या घरात आहे आणि ‘प्रीमियम’ 111 रुपयांच्या घरात. पंपावरील कर्मचारी दर वेळी सांगतो, की महाग पेट्रोलने इंजिन साफ राहते, पिकअप वाढतो आणि अ‍ॅव्हरेजही वाढते. गेले चार महिने मी तेच भरत आहे व गाडी हलकी चालते असे मला वाटते. पत्नीच्या मते मात्र हे जादा पैसे वाया जात आहेत. खरे काय समजावे? — एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपल्या गाडीसाठी साधे पेट्रोल पुरेसे आहे आणि जादा पैशांबाबत आपल्या पत्नीचे म्हणणे बरोबर आहे. परंतु एवढ्या एका वाक्यावर आपले समाधान होणार नाही, आणि होऊही नये, कारण पंपावर जे सांगितले जाते त्यात थोडे खरे आणि बरेचसे अर्धवट असे मिसळलेले असते. ते वेगळे करून पाहिले, तर पुढच्या वेळी टाकी भरताना कोणाच्याही सांगण्यावर अवलंबून राहावे लागणार नाही.

महाग पेट्रोलच्या पाटीवर जो 95, 97 किंवा 100 असा आकडा असतो तो ऑक्टेनचा आकडा. हा आकडा पेट्रोलची ताकद दाखवतो असा समज फार खोलवर रुजलेला आहे आणि सगळ्या गैरसमजांचे मूळ तेथेच आहे. इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण पिस्टन वर जाताना दाबले जाते, दाबल्यामुळे ते तापते, आणि नेमक्या क्षणी स्पार्क प्लगची ठिणगी पडून ते पेटते. ठिणगीने पेटलेली ज्योत पसरत असतानाच सिलिंडरच्या कोपऱ्यातले उरलेले मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपोआप भडकले, तर पिस्टनच्या माथ्यावर अवेळी तडाखा बसतो आणि धातूवर धातू आपटल्यासारखा कडकड आवाज येतो. गॅरेजमधले लोक याला ‘नॉकिंग’ म्हणतात. दाब आणि उष्णता सोसूनही आपोआप न भडकण्याची पेट्रोलची जी सहनशक्ती, तिचे माप म्हणजे ऑक्टेन. आयसोऑक्टेन या द्रव्याला 100 आणि सहज भडकणाऱ्या हेप्टेनला 0 मानून ही मोजपट्टी बनवलेली आहे. 95 ऑक्टेनचे पेट्रोल नॉकिंगच्या बाबतीत 95 भाग आयसोऑक्टेन आणि 5 भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखे वागते, एवढाच त्या आकड्याचा अर्थ आहे. एका लीटरमधून किती ऊर्जा मिळेल, याविषयी तो आकडा काहीही सांगत नाही.

याचा पुरावा मुंबईकरांच्या डोळ्यांसमोर रोज धावत असतो. सीएनजीची नॉकिंग सोसण्याची क्षमता ऑक्टेनच्या भाषेत 120 च्या वर जाते, म्हणजे पंपावर मिळणाऱ्या कोणत्याही महाग पेट्रोलपेक्षा कितीतरी अधिक. ऑक्टेन म्हणजेच ताकद असती, तर सीएनजीवरच्या आपल्या टॅक्सी चेंबूरच्या उड्डाणपुलावर पेट्रोलच्या गाड्यांना सहज मागे टाकत चढल्या असत्या. प्रत्यक्षात, ज्या गाड्या दोन्ही इंधनांवर चालतात त्यांच्या माहितीपत्रकात सीएनजीवरील ताकदीचा आकडा पेट्रोलवरील आकड्यापेक्षा कमीच छापलेला असतो. वायू सिलिंडरमध्ये जागा व्यापतो आणि तेवढी हवा आत कमी येते, हे त्याचे मुख्य कारण. या इंधनाची सहनशक्ती मोठी असली, तरी पेट्रोलसाठी बनवलेल्या इंजिनाला तिचा उपयोग करून घेता येत नाही.

आता आपल्या गाडीकडे येऊ. एखाद्या इंजिनाला किती ऑक्टेन लागतो, हे बहुतांशी त्याच्या कॉम्प्रेशन रेशोवर (म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते यावर), टर्बो (हवा दाबून आत ढकलणारे यंत्र) आहे की नाही यावर आणि ठिणगीच्या वेळेवर ठरते. भारतात विकायची साधी, बिनटर्बोची गाडी बनवताना उत्पादक येथील साध्या पेट्रोलचा किमान ऑक्टेन डोळ्यांसमोर ठेवूनच ती जुळवणी करतो. बीएस-6 (भारत स्टेज-6) या प्रदूषणविषयक मानकांत पेट्रोलच्या दोन प्रती आहेत, एक किमान 91 ऑक्टेनची आणि दुसरी किमान 95 ची. आपल्या गाडीच्या मालक-पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस किमान 91 असे लिहिले असेल, तर 91 च्या वरचा प्रत्येक आकडा ही त्या इंजिनाने न मागितलेली सहनशक्ती आहे. आजच्या इंजिनांत नॉक सेन्सर असतो, हे खरे. नॉकिंगची चाहूल लागताच संगणक ठिणगी किंचित उशिरा पाडतो आणि इंजिन वाचवतो. त्यात थोडी ताकद जाते. परंतु नॉकिंग होतच नसेल, तर मागे घेतलेली ठिणगी पुन्हा पुढे आणून मिळवण्यासारखेही काही उरत नाही. मुलुंड ते लोअर परळ या रस्त्यावर, पूर्व द्रुतगती मार्गाच्या गर्दीत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर सरकणाऱ्या गाडीच्या इंजिनावर नॉकिंग होण्याइतका भार क्वचितच येतो.

येथे एक नवी गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण या विषयावरचे बरेचसे जुने लेखन तिच्यामुळे कालबाह्य झाले आहे. 20 टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल फेब्रुवारी 2023 मध्ये देशात विक्रीला आले आणि 2025 पर्यंत ते सर्वत्र रूढ झाले. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन 108 च्या पुढे आहे, त्यामुळे ते मिसळले की साध्या पेट्रोलचा ऑक्टेन आपोआप वाढतो. या मिश्रणामुळे साध्या पेट्रोलचा ऑक्टेन 91 वरून 95 पर्यंत गेला, असे केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट 2025 मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे ज्या 95 साठी आपण लीटरमागे सात रुपये अधिक मोजत आहात, तो साध्या पेट्रोलच्या नळीतूनही मिळू लागला आहे. असे असताना 95 ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी जी जादा किंमत उरते, ती जवळपास सगळी त्यात घातलेल्या सफाईद्रव्यांची किंमत आहे, असे मी समजतो.

सफाईद्रव्यांचा दावा मात्र मी सरसकट झटकून टाकणार नाही. इंजेक्टरच्या, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या भागाच्या, तोंडाशी आणि इनटेक व्हॉल्व्हच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा आत सोडणाऱ्या झडपेच्या, पाठीवर काळा थर साचतो, तो धरू न देणारी रसायने खरोखर असतात आणि ती काम करतात. अमेरिकेतील वाहनचालकांची ‘ट्रिपल ए’ ही संस्था आहे. तिने 2016 मध्ये केलेल्या चाचणीत, चांगली सफाईद्रव्ये नसलेल्या पेट्रोलवर चाललेल्या इंजिनात ती असलेल्या पेट्रोलच्या तुलनेत सरासरी 19 पट अधिक थर साचल्याचे दिसले. पण ती तुलना सफाईद्रव्यांची होती, ऑक्टेनची नव्हती. याच संस्थेने त्याच वर्षी साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्यांत महाग पेट्रोल घालून पाहिले, तेव्हा ताकद, अ‍ॅव्हरेज आणि धूर या तिन्ही बाबतींत उल्लेखनीय लाभ आढळला नाही, आणि अमेरिकी चालक वर्षाला 2.1 अब्ज डॉलर विनाकारण खर्च करतात असा हिशेब तिने मांडला. शिवाय ‘इंजिन साफ राहते’ या वाक्यातून साधे पेट्रोल अस्वच्छ असल्याचा जो अर्थ निघतो, तो चुकीचा आहे. 1 एप्रिल 2020 पासून साध्या आणि महाग अशा दोन्ही प्रतींत गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत 10 भाग, अशी एकच आहे.

आता पैशांचा हिशेब. वर्षाला 12,000 किलोमीटर, लीटरला 15, म्हणजे 800 लीटर. लीटरमागे सात रुपयांप्रमाणे वर्षाला 5,600 रुपये. हे पैसे केवळ अ‍ॅव्हरेजमधून भरून निघायचे, तर गाडीने लीटरला पंधराऐवजी सोळा किलोमीटर द्यायला हवेत, म्हणजे सुमारे पावणेसात टक्के वाढ. उत्पादकाने स्वतः महाग पेट्रोलची शिफारस केलेल्या गाड्यांवरही ट्रिपल ए संस्थेने 2017 मध्ये चाचण्या घेतल्या होत्या. तेथेही अ‍ॅव्हरेजमधील सरासरी वाढ 2.7 टक्क्यांचीच भरली. ज्या गाडीला त्याची गरजच नाही तिच्याकडून पावणेसात टक्क्यांची अपेक्षा करता येणार नाही.

‘गाडी हलकी चालते’ हा आपला अनुभव मी खोटा ठरवत नाही. चार महिन्यांत ऋतू बदलला असेल, एसीचा वापर कमी झाला असेल, मध्ये सर्व्हिसिंग झाले असेल, शाळांना सुट्टी लागून सकाळची गर्दी ओसरली असेल. यांतील प्रत्येक गोष्टीने गाडीच्या चालण्यात जाणवण्याजोगा फरक पडतो. म्हणून मन आणि डोळे यांच्यावर न विसंबता वहीवर विसंबावे. एकाच पंपावर, एकाच नोझलने, पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी आणि किलोमीटर लिहून ठेवावेत. सलग तीन टाक्या साध्या पेट्रोलच्या आणि सलग तीन महाग पेट्रोलच्या, शक्यतो पावसाळा सोडून. मुंबईत एका टाकीवरून निष्कर्ष काढण्यात अर्थ नसतो. सायनला एक दिवस अर्धा तास अडकून पडलो, की सगळा हिशेब बिघडतो. सहा टाक्यांनंतर आपल्या वहीत लीटरमागे एक किलोमीटरचा फरक सातत्याने दिसला, तर आपण महाग पेट्रोलच भरावे आणि मलाही अवश्य कळवावे. मी तो हिशेब याच सदरात छापीन.

तोपर्यंत त्या 5,600 रुपयांना अधिक चांगला उपयोग आहे. महिन्यातून दोनदा थंड टायरमधील हवा तपासणे जवळजवळ फुकट आहे. मेट्रोच्या आणि इमारतींच्या बांधकामाची धूळ बसलेला एअर फिल्टर वेळेआधी बदलणे, स्पार्क प्लग पुस्तिकेतल्या मुदतीत बदलणे, आणि दोन-तीन वर्षांतून एकदा गरज वाटल्यास इंजेक्टर साफ करून घेणे, हे सगळे त्या रकमेत सहज बसते.

प्रश्न : आमची गाडी 2012 सालची आहे. ती फार चालत नाही, महिन्याला जेमतेम अडीचशे किलोमीटर होतात. इथेनॉलमुळे जुन्या गाड्यांचे नुकसान होते असे ऐकून मुलगा म्हणतो, की यापुढे हिला 100 ऑक्टेनचेच पेट्रोल घाला. ते परवडण्यासारखे नाही, पण गाडीवर जीव आहे. 95 चे घातले तर मधला मार्ग निघेल का? — एक वाचक भगिनी, विलेपार्ले

उत्तर : आपल्या चिरंजीवांची काळजी योग्य आहे. परंतु ऑक्टेन जास्त म्हणजे इथेनॉल कमी, असे समीकरण नाही. उलट, वर सांगितल्याप्रमाणे इथेनॉल मिसळल्यानेच ऑक्टेन वाढतो. 95 च्या पेट्रोलमध्येही इथेनॉल असते, त्यामुळे तो मधला मार्ग नव्हे. त्यात जादा पैसे जातील आणि काळजी तशीच राहील. इंडियन ऑइलचे 100 ऑक्टेनचे पेट्रोल इथेनॉलविरहित म्हणून ओळखले जाते. ते डिसेंबर 2020 मध्ये मुंबईसह दहा शहरांत आले तेव्हाच त्याचा दर लीटरला 160 रुपयांच्या आसपास होता.

इथेनॉलच्या एका लीटरमध्ये पेट्रोलच्या तुलनेत साधारण एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे जुन्या गाड्यांचे अ‍ॅव्हरेज घटते, ही तक्रार खरी आहे. नीती आयोगाने 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यातच, 10 टक्के इथेनॉलसाठी जुळवलेल्या चारचाकींत 20 टक्क्यांच्या मिश्रणाने 6 ते 7 टक्के घट अपेक्षित धरली होती. आपला वापर पाहता महिन्याला वीस-एकवीस लीटर पेट्रोल लागत असेल. त्यातील सात टक्के म्हणजे दीड लीटरच्या आत, दीडशे रुपयांच्या आसपास. हे दीडशे रुपये वाचवण्यासाठी लीटरमागे पन्नासहून अधिक रुपये मोजले, तर महिन्याला हजाराच्या वर जातील.

राहिला प्रश्न रबराच्या नळ्या आणि गॅस्केटचा (सांध्यांतून गळती होऊ न देणाऱ्या चकत्यांचा), आणि आपल्या गाडीच्या बाबतीत मला हाच अधिक महत्त्वाचा वाटतो. जुन्या गाड्यांतील काही रबरी भाग 20,000 ते 30,000 किलोमीटर वापरानंतर बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही मान्य केले आहे. आपल्या गाडीला तेवढे अंतर कापायला सात ते दहा वर्षे लागतील, पण तेरा-चौदा वर्षांचे रबर नुसत्या वयानेही कडक होते. म्हणून येत्या सर्व्हिसिंगला टाकीपासून इंजिनापर्यंतच्या इंधननळ्या हाताने दाबून, वाकवून तपासायला सांगावे. बोटांना चिकट लागल्या किंवा बारीक भेगा दिसल्या, तर विचार न करता बदलाव्यात. पेट्रोलची गळती म्हणजे आगीला आमंत्रण असते, तेथे काटकसर नको. दुसरे असे, की इथेनॉल हवेतली आर्द्रता शोषून घेते आणि पाण्याचे प्रमाण फार वाढले, तर ते पाण्यासह पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. मुंबईच्या पावसाळ्यात गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवायची असेल, तर टाकी अर्धी रिकामी ठेवू नये. टाकीत हवा जितकी कमी, तितकी आत येणारी आर्द्रता कमी. आठवड्यातून एकदा जुहू किंवा अंधेरीपर्यंत एक फेरी मारून यावी, म्हणजे पेट्रोलही फिरत राहील आणि बॅटरीही.

प्रश्न : माझ्या गाडीचे इंजिन एक लीटरचे टर्बो आहे. पुस्तिकेत ‘किमान 91, शिफारस 95’ असे लिहिले आहे. शहरात मला काही फरक वाटत नाही, पण पुण्याला जाताना चार माणसे आणि सामान घेऊन बोरघाट चढताना गाडी दमते. — एक वाचक, बोरिवली

उत्तर : आपली गाडी मुलुंडच्या वाचकांच्या गाडीपेक्षा वेगळी आहे. टर्बो इंजिनात हवा दाबूनच आत ढकलली जाते, त्यामुळे भारावर नॉकिंगची शक्यता खरोखर वाढते आणि नॉक सेन्सर ठिणगी मागे घेतो. घाटात, उन्हाळ्यात, एसी चालू असताना गाडी दमल्यासारखी वाटते ती अनेकदा यामुळे. पुस्तिकेत 95 ची शिफारस आहे, तेव्हा तो ऑक्टेन मिळायलाच हवा. आता तो साध्या मिश्रणातूनही मिळत असल्याने रोजच्या वापरासाठी मी वेगळा खर्च सुचवणार नाही. भरल्या गाडीने घाट चढायचा असेल, तेव्हा आदल्या दिवशी 95 च्या वरचे पेट्रोल अर्धी टाकी भरून पाहावे; ही एक जागा अशी आहे, की जेथे फरक जाणवू शकतो. साध्या पेट्रोलमध्ये ते मिसळल्याने काहीही बिघडत नाही. आपल्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जात असेल, तर ते इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीला स्पर्शच करत नाही, आणि म्हणून सफाईद्रव्ये इंजेक्टरची काळजी घेतात, पण व्हॉल्व्हवरचा थर धुऊन काढत नाहीत. गॅरेजमध्ये याउलट सांगितले गेले, तर हे लक्षात असू द्यावे.

कडकड आवाज स्पष्ट ऐकू येत असेल, तर मात्र महाग पेट्रोल भरून तो दाबून टाकू नये. चुकीच्या दर्जाचे प्लग, कमी झालेले कूलंट किंवा सिलिंडरमध्ये साचलेला कार्बन ही कारणे आधी तपासून घ्यावीत.

प्रश्न : घाटकोपरच्या एका पंपावर मी ‘साधे’ म्हटले तरी कर्मचाऱ्याने महाग पेट्रोल भरायला सुरुवात केली, विचारल्यावर साधे संपले आहे असे सांगितले. शेजारच्या मशीनवर मात्र साधे भरले जात होते. अशा वेळी काय करावे? — एक वाचक, विक्रोळी

उत्तर : असे घडल्याची पत्रे मला वरचेवर येतात आणि प्रत्येक वेळी वाईट वाटते, कारण यात फसतात ते बहुधा वयस्कर किंवा घाईत असलेले ग्राहक. गाडीतून खाली उतरावे, नोझल टाकीत जाण्यापूर्वी मशीनवरील शून्य आणि लीटरचा दर दोन्ही पाहावेत, आणि दर मोठ्याने उच्चारून मगच भरायला सांगावे. दर चुकीचा दिसला, तर तेथेच थांबवावे. भरले तेवढ्याचेच पैसे द्यावेत, पावती घ्यावी आणि पंपावरील तक्रारवहीत नोंद करावी. पाच लीटरच्या प्रमाणित मापाने मोजून दाखवण्याची, गाळणकागदावर थेंब टाकून पाहण्याची आणि पेट्रोलची घनता तपासण्याची मागणी करण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. त्या दिवशीची घनता प्रत्येक पंपावर लिहिलेली असते. तपासणीत आलेल्या आकड्याशी ती ताडून पाहावी.